क्रोशाचा पहिला चौकोन: कड तिरकी जाऊ न देता कसा विणायचा

सोळा टाक्यांवर सुरू केलेला चौकोन दहाव्या ओळीपर्यंत बारा टाक्यांचा झालेला असतो आणि विणणारीला त्याचा पत्ताही नसतो. खाली रुंद, वर निमुळता, एक कड सरळ आणि दुसरी उतरती. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकींचा पहिला चौकोन असाच येतो. बहुतेकींना वाटतं, आपला हात अजून बसला नाही. हात बसायला वेळ लागतो हे खरं, पण चौकोन तिरका होण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. मधले टाके लहानमोठे आले तरी चौकोन चौकोनच राहतो. तो बिघडतो कडेला, कारण ओळीचा पहिला टाका कुठे घालायचा आणि शेवटचा कुठे, हे नीट कळलेलं नसतं. म्हणून खाली कडेबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे. तो भाग दोनदा वाचा.

इथे आपण मुका खांब या साध्या, बुटक्या टाक्याचा, ओळींनी वर चढत जाणारा, एकरंगी चौकोन विणणार आहोत. ग्रॅनी स्क्वेअर मधून सुरू होऊन बाहेर वाढतो, त्याची रीत वेगळी. तो दिसायला सुंदर असल्यामुळे सगळ्यांना आधी तोच करायचा असतो. माझा सल्ला मात्र आधी ओळींच्या चौकोनाचा आहे. टाका ओळखता येणं आणि मोजता येणं ही सवय इथेच लागते, आणि ती लागली की ग्रॅनी स्क्वेअर सोपा जातो.

सुरू करण्याआधी: नावांचा घोळ मिटवा

एकाच टाक्याला अमेरिकी पद्धतीत एक नाव आणि ब्रिटिश पद्धतीत दुसरं नाव आहे. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकी सिंगल क्रोशे, आणि त्यालाच ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. आपला खांब म्हणजे अमेरिकी डबल क्रोशे आणि ब्रिटिश ट्रेबल. जुन्या पुस्तकात 'डबल क्रोशे' वाचायचं, मग व्हिडिओत 'डबल क्रोशे' शोधायचं आणि दुप्पट उंचीचा टाका विणत बसायचं, हे नेहमी घडतं.

ओळखायची सोपी खूण: नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' असा शब्द आला की तो नमुना अमेरिकी. आजच्या ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही.

शंका आली तर नाव बाजूला ठेवा आणि कृती बघा. टाक्यात सुई घालण्याआधी सुईवर दोऱ्याचा वेढा घेतला नाही तर मुका खांब. आधी एक वेढा घेतला तर खांब किंवा अर्धा खांब. आपल्या चौकोनात आधी वेढा कधीच घ्यायचा नाही.

१. लोकर आणि सुई

आजीच्या किंवा सासूबाईंच्या पेटीत मिळालेली बारीक स्टीलची सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन शिकायला बसू नका. ती सुई टेबलमॅट आणि रुमालाच्या लेससाठी असते. दोरा इतका बारीक की टाका दिसतच नाही, आणि जो टाका दिसत नाही तो मोजताही येत नाही. ती सुई जपून ठेवा, पुढे लागेल.

लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत आणि फिक्या रंगाची घ्या. लिंबू, आकाशी, फिका गुलाबी, पोपटी, काहीही चालेल. काळी, नेव्ही ब्लू, गडद मरून नको, रात्री दिव्याखाली त्यात टाके हरवतात. केसाळ, चमकीची किंवा रंग बदलत जाणारी लोकरही सध्या नको. साधी अ‍ॅक्रिलिक लोकर स्वस्त पडते आणि कितीही वेळा उसवली तरी तक्रार करत नाही. ५० ग्रॅममध्ये असे तीनचार चौकोन आरामात होतात.

लोकरीच्या लेबलवर बहुधा सुईचा आकार मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. काही लेबलांवर गुंड्याच्या चित्रात जाडीचा आकडाही असतो. ३ असेल तर ४ मिमीची सुई घ्या, ४ असेल तर ५ मिमीची.

सुई घेताना 'नंबर' सांगू नका, मिलिमीटर सांगा. हे मी कळकळीने सांगते आहे. जुन्या ब्रिटिश मापात ८ नंबरची सुई ४ मिमीची असते, अमेरिकी मापात एच-८ म्हणजे ५ मिमी, आणि स्टीलच्या सुयांमध्ये ८ नंबर म्हणजे जेमतेम दीड मिमी. दुकानदाराने दिलेली '८ नंबर' यांतली कुठलीही असू शकते.

बाकी सामान थोडं आहे: कात्री, मोजायची टेप, मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि दोन वेगळ्या रंगांच्या छोट्या सेफ्टी पिना. पिना ऐच्छिक नाहीत. दोन रंगांच्या मिळाल्या नाहीत तर एका पिनेला रंगीत दोऱ्याचा तुकडा बांधा.

लोकर लडीत मिळाली असेल तर आधी गुंडा करा. लडीवरून थेट विणायला बसलात तर पाच मिनिटांत गुंता होईल. गुंडा सैल गुंडाळा. आवळून गुंडाळलेली लोकर ताणलेली राहते आणि विणून झाल्यावर आखडते.

२. धरायचं कसं

यावर फार वेळ घालवू नका. सुई पेनसारखी धरा नाहीतर भाजी चिरायच्या सुरीसारखी, दोन्ही बरोबर. डाव्या हातात दोरा करंगळीभोवती एक वळसा घेऊन तर्जनीवरून यायला हवा. करंगळी दोरा अडवते, तर्जनी तो ताठ ठेवते, अंगठा आणि मधलं बोट विणकाम धरतात. डावखुऱ्यांनी सगळं उलट्या हाताने करायचं. खालच्या सूचनांमध्ये उजवी-डावी बाजू तेवढी बदलेल, आकडे तेच राहतील.

एक मात्र बघा. सुईच्या टोकाला आकडी असते, तिच्या खाली निमुळती मान आणि मग सरळ दांडी. लूप दांडीवर यायला हवा. मानेत अडकवून विणलेला टाका लहान राहतो, त्यात पुढच्या ओळीत सुई शिरत नाही, आणि मग 'माझा हात आवळ आहे' अशी समजूत होते. मे महिन्यात हात घामेजतात आणि अ‍ॅक्रिलिक लोकर बोटाला चिकटून ओढली जाते, त्यानेही टाके आवळतात. हात धुऊन कोरडे करून बसा.

३. सरकगाठ आणि १७ साखळ्या

दोऱ्याचं सुमारे १५ सेंटिमीटरचं टोक सोडून सरकगाठ करा आणि सुईवर चढवा.

*तपासा: दोऱ्याचं एक टोक ओढल्यावर सुईभोवतीचा लूप लहान व्हायला हवा. कुठलंही टोक ओढून लूप हलत नसेल तर ती साधी गाठ झाली आहे, पुन्हा करा.*

आता सुईवर दोऱ्याचा वेढा घ्या आणि तो लूपमधून ओढून काढा. झाली एक साखळी. अशा १७ घाला.

मोजताना दोन गोष्टी सोडायच्या: सरकगाठ आणि त्या क्षणी सुईवर असलेला लूप. सुईवरचा लूप कधीच टाका म्हणून मोजायचा नाही, ना आत्ता, ना पुढे कुठल्या ओळीत. साखळी समोरून वेणीसारखी दिसते, एकापुढे एक इंग्रजी व्ही ठेवल्यासारखी. पाठीमागे बारीक गाठींची रांग असते. समोरच्या बाजूने, सुईपासून खाली येत मोजा.

चौकोनाचा खालचा काठ आखडून वरचा भाग पंख्यासारखा पसरलेला दिसतो, तेव्हा टाके बरोबर असूनही साखळी घट्ट झालेली असते. साखळीला मुक्या खांबाइतका ताण सहन होत नाही. उपाय सोपा आहे. फक्त साखळी एका मापाने मोठ्या सुईने घाला, म्हणजे ४ ऐवजी ४.५ किंवा ५ मिमी, आणि पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घ्या. 'सैल हाताने घाला' असं सांगून नवख्या माणसाला सैल हात येत नाही, मोठ्या सुईने मात्र नक्की फरक पडतो.

*थांबा: साखळीला पीळ बसला असेल तर तो आत्ताच सोडवा. सगळे व्ही एकाच बाजूला दिसायला हवेत.*

४. पहिली ओळ: १६ मुके खांब

ही ओळ सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात अवघड असते. इथे धीर सोडून क्रोशे बंद केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ही ओळ पार पडली की पुढच्या सगळ्या सोप्या आहेत, तेव्हा इथे चिकाटी ठेवा.

सुईलगतची पहिली साखळी सोडा आणि दुसऱ्या साखळीत सुई घाला. साखळीचा वरचा एक दोरा उचललात तरी पुरे, पण मग पूर्ण ओळभर तोच उचला. कधी एक, कधी दोन असं केलं तर खालचा काठ भोकाभोकांचा दिसतो.

मुका खांब असा:

सुई टाक्यात घाला. सुईवर दोऱ्याचा वेढा घ्या आणि तो टाक्यातून बाहेर ओढा. सुईवर आता दोन लूप आहेत. पुन्हा एक वेढा घ्या आणि दोन्ही लूपमधून एकदम काढा. सुईवर एक लूप उरला. टाका पूर्ण.

टाक्यातून पहिला लूप ओढताना तो दांडीच्या जाडीइतका वर येऊ द्या. अर्धवट ओढला तर टाका बुटका आणि कडक होतो. याच हालचालीकडे बारीक लक्ष द्या, टाके एकसारखे येण्याचं रहस्य जवळजवळ सगळं इथे आहे.

पहिला टाका पूर्ण होताच त्याच्या डोक्यात, म्हणजे वर दिसणाऱ्या व्हीच्या दोन्ही दोऱ्यांखालून, लाल पिन अडकवा. नंतर लावू म्हणू नका.

मग प्रत्येक साखळीत एक असं शेवटपर्यंत जा. शेवटची साखळी सरकगाठीला खेटून असते, लहान आणि आवळलेली, त्यामुळे ती गाठच वाटते आणि सुटते. तिच्यातही टाका घालायचा आहे.

*तपासा: १६ टाके. १५ असतील तर शेवटची साखळी सुटली आहे किंवा सुरुवातीला दोन साखळ्या सोडल्या गेल्या आहेत. १७ असतील तर एका साखळीत दोनदा सुई गेली आहे. ओळ उसवा आणि पुन्हा करा. पहिल्या ओळीत 'एकाने काय होतंय' म्हटलं की पुढे सगळं बिनसतं.*

५. वळण: चौकोन इथेच बनतो किंवा बिघडतो

ओळ संपली. आता एक साखळी घाला आणि विणकाम पान उलटावं तसं उलटा. कुठल्या दिशेने उलटता याने फारसा फरक पडत नाही, पण दर वेळी एकाच दिशेने उलटा.

ही एक साखळी फक्त उंचीसाठी आहे. ती टाका नाही. ती मोजायची नाही आणि परत येताना तिच्यात सुईही घालायची नाही. पुढच्या ओळीचा पहिला मुका खांब, साखळीच्या अगदी बुडाशी असलेल्या पहिल्याच टाक्यात जातो, म्हणजे नुकत्याच संपवलेल्या ओळीच्या शेवटच्या टाक्यात.

गोंधळ कुठून येतो ते सांगते. खांबाच्या विणीत वळणाला तीन साखळ्या घालतात आणि बहुतेक नमुन्यांत त्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून मोजतात, त्यामुळे तिथे पहिला टाका सोडायचा असतो. एका व्हिडिओत खांब बघितलेला असतो, दुसऱ्यात मुका खांब, आणि दोन्ही नियम डोक्यात मिसळतात. मुक्या खांबात पहिला टाका सोडला की दर ओळीला एक टाका कमी. दहा ओळींत चौकोनाचा त्रिकोण व्हायला लागतो.

सुई घालताना व्हीच्या दोन्ही दोऱ्यांखालून घाला. एकाच दोऱ्याखालून घातली तर वीण चुकत नाही, पण आडव्या रेघा उठतात आणि कापड लवचीक होतं. तो वेगळा नमुना आहे. आज दोन्ही दोरे.

पहिला टाका झाला की त्यात निळी पिन लावा. मग ओळभर चला.

ओळीचा शेवटचा टाका. इथे हळू जा. कडेला पोचल्यावर शेवटचा टाका सरळ दिसत नाही. तो जरा मागे कललेला असतो, त्याचा व्ही आवळलेला असतो, आणि त्याच्या पलीकडे लगेच मागच्या वळणाची साखळी गाठीसारखी चिकटलेली असते. नवख्या डोळ्याला दोनपैकी एक भास होतो: ओळ आधीच संपली, किंवा ती गाठ हाच शेवटचा टाका. पहिला भास झाला तर टाका कमी होतो. दुसरा झाला तर टाका वाढतो.

पिन आठवते? मागच्या ओळीचा पहिला टाका हाच या ओळीचा शेवटचा टाका. तुम्ही त्याला लाल पिन लावूनच ठेवली आहे. पिन दिसेपर्यंत विणायचं, पिनेच्या टाक्यात शेवटचा मुका खांब घालायचा, आणि पिनेच्या पलीकडे काहीही दिसलं तरी तिथे सुई घालायची नाही. टाका झाला की पिन काढा. तीच पिन वळल्यानंतर पुढच्या ओळीच्या पहिल्या टाक्यात लागेल. लाल, निळी, लाल, निळी, अशा दोन पिना आलटून पालटून वर सरकत जातात.

टाका आवळलेला असल्याने सुई शिरत नसेल तर डाव्या अंगठ्याने कड खाली किंचित ताणा. व्ही उघडतो.

मागच्या वर्षी एका काकूंनी त्यांचा चौकोन आणून दाखवला. खाली १६ टाके, वर ९, आणि उतार अगदी सरळ रेषेत. त्यांना वाटत होतं की लोकर आखडते आहे. दोघींनी मिळून तो ओळी ओळीने उसवला, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तो कललेला टाका तसाच मोकळा बसलेला सापडला. सात ओळी, सात टाके. त्यांनी तिथेच पिना लावून पुन्हा विणायला घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही कडा सरळ आल्या. त्यांच्या विणण्यात दुसरं काहीही बदललं नव्हतं.

६. पुढच्या ओळी, आणि मोजायची शिस्त

एक साखळी, उलटा, पहिल्या टाक्यात मुका खांब, पिन, ओळभर, पिनेच्या टाक्यात शेवटचा. १६. पुन्हा.

पहिल्या आठ ओळी तरी प्रत्येक ओळीनंतर मोजा. व्हीवर बोट ठेवत, मोठ्याने मोजलं तर उत्तम. चार ओळींनंतर मोजू म्हणाल तर चूक सापडेल, पण कुठल्या ओळीत झाली ते सापडणार नाही.

आकडा चुकला तर पुढच्या ओळीत एक टाका वाढवून किंवा गाळून भरपाई करू नका. संख्या जुळते, पण त्या जागी कडेला खाच किंवा फुगवटा कायमचा राहतो. उसवा. क्रोशात उसवणं निर्धोक आहे. दोन सुयांच्या विणकामात सुईवर पन्नास टाके जिवंत असतात आणि एक निसटला की खालपर्यंत धाव सुटते. इथे जिवंत लूप एकच. सुई काढा, दोरा हळूच ओढा, चूक झालेल्या टाक्याच्या एक टाका आधी थांबा, लूपमध्ये सुई घाला आणि पुढे चला.

काम अर्धवट ठेवून उठताना सुई काढून त्या लूपमध्ये पिन अडकवा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर हे विसरू नकाच.

आणखी दोन चुका मधल्या ओळींमध्ये होतात. सुईचं टोक दोऱ्याच्या पिळात घुसून दोरा दुभंगतो, तेव्हा सुई मागे घेऊन पूर्ण दोरा पकडा. दुसरी म्हणजे ओळीच्या मध्ये दोन टाक्यांमधल्या फटीत सुई घालणं. तिथे एक जास्तीचा टाका तयार होतो. आकडा १७ आला आणि कडा ठीक असतील तर मध्ये कुठेतरी फटीत टाका आहे. शोधा, सापडेल.

कडा बरोबर आणि आकडाही बरोबर, तरी कापड पुठ्ठ्यासारखं कडक होत असेल किंवा कोपरे वळत असतील तर सुई लोकरीच्या मानाने बारीक आहे. अर्ध्या मिलिमीटरने मोठी घेऊन नव्याने सुरू करा.

७. किती ओळी? घडी घालून बघा

१६ टाके म्हणून १६ ओळी विणल्या की चौकोन होईल असं वाटतं. होत नाही. मुका खांब उंचीला बुटका आणि रुंदीला जास्त असतो, त्यामुळे १६ ओळींना आडवा आयत मिळतो. मध्यम लोकरीत आणि ४ मिमीच्या सुईत बहुतेकींना १८ ते २० ओळी लागतात, आणि चौकोन साधारण १० सेंटिमीटरचा होतो. तुमच्या हाताला किती लागतील ते तुमचा हात ठरवेल.

अठराव्या ओळीनंतर विणकाम टेबलावर सपाट ठेवा, ओढू नका. खालचा एक कोपरा उचलून समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे न्या आणि रुमालाची तिकोनी घडी घाला. दोन्ही कडा एकमेकींवर बरोबर बसल्या तर चौकोन झाला. वर पट्टी उरली तर ओळी जास्त झाल्या, बाजूला पट्टी उरली तर अजून हव्यात.

ओळी मोजायच्या असतील तर कापडावर दिसणाऱ्या आडव्या उंचवट्यांकडे बघा. एक उंचवटा म्हणजे दोन ओळी. बरोबर आलेला आकडा कागदावर लिहून ठेवा. दुसरा चौकोन त्याच आकड्यावर थांबवायचा आहे.

८. कडेची ओळ

दोरा अजून कापू नका. कडेची एक फेरी बाजूच्या खडबडीत कडा झाकते, आणि पुढे चौकोन एकमेकांना जोडायचे असतील तर चारही बाजूंना सारखे टाके देते.

एक साखळी घाला, उलटा. वरच्या बाजूने पहिल्या टाक्यात १ मुका खांब, पुढच्या १४ टाक्यांत एकेक, आणि शेवटच्या टाक्यात ३. तिथे कोपरा वळतो.

आता बाजूची कड. इथे व्ही दिसत नाहीत, ओळींची टोकं दिसतात. प्रत्येक टोकात टाका घातला तर कड फ्रिलसारखी लहरते, कारण ओळी १८ ते २० आहेत आणि टाके १४ हवेत. कडेच्या मधोमध पिन लावा. पिनेच्या अलीकडे ७, पलीकडे ७, अंदाजाने समान अंतरावर. कडेचे दोन दोरे तरी सुईखाली येऊ द्या, एकच दोरा उचलला तर भोक पडतं.

खालच्या कोपऱ्यात ३. मग खालच्या साखळीच्या उलट बाजूने १४. पुन्हा कोपऱ्यात ३, दुसऱ्या कडेला ७ आणि ७. शेवटी जिथून सुरुवात केली त्याच टाक्यात आणखी २, म्हणजे त्या कोपऱ्याचेही ३ होतील. फेरीच्या पहिल्या टाक्यात सुई घालून, दोरा ओढून, तो थेट सुईवरच्या लूपमधूनही काढा. फेरी जुळली.

*तपासा: एकूण ६८ टाके. चार बाजूंचे १४, चार कोपऱ्यांचे ३. कड लहरत असेल तर बाजूला टाके जास्त झाले, वाटीसारखी आत ओढत असेल तर कमी झाले किंवा एखाद्या कोपऱ्यात ३ ऐवजी १ पडला.*

९. टोकं लपवणं

१५ सेंटिमीटर दोरा ठेवून कापा आणि शेवटचा लूप ओढून टोक पूर्ण बाहेर काढा. बोथट सुईत ओवून ते विणीच्या उलट बाजूने टाक्यांच्या पोटातून चारेक सेंटिमीटर न्या, मग एक दोरा सोडून उलट दिशेने परत आणा, आणि तिसऱ्यांदा थोडं वर वळवा. एकाच दिशेने नेलेलं टोक दोनचार धुण्यांत बाहेर येतं. सुरुवातीच्या सरकगाठीचं टोकही असंच. गाठ मारून जवळ कापू नका. गाठ टोचते, आणि कधीतरी सुटतेच.

१०. आकारात बसवणं

विणून झालेला चौकोन थोडा वळलेला, कोपरे बोथट असे दिसणारच. जुन्या टॉवेलची जाड घडी घाला, त्यावर चौकोन ठेवा, चार कोपऱ्यांना टाचण्या लावा, टेपने चारही बाजू सारख्या करा आणि मग प्रत्येक बाजूच्या मध्ये एकेक टाचणी. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, सुकायला दोन दिवसही लागतात आणि तेवढ्यात साध्या टाचणीचा तांबूस डाग उमटतो.

सुती किंवा खरी लोकर असेल तर आधी थंड पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि मग टाचा. अ‍ॅक्रिलिक असेल तर टाचल्यावर पाण्याचा फवारा मारा आणि पंख्याखाली ठेवा.

*थांबा: अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका. उष्णतेने तंतू मऊ पडून विणीचा उठाव जातो, कापड लुळं आणि चकचकीत होतं, आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही.*

पूर्ण सुकल्यावरच टाचण्या काढा. मग लिहून ठेवलेल्या ओळींच्या आकड्यावर, त्याच सुईने आणि त्याच गुंड्याच्या लोकरीने दुसरा चौकोन विणा, तोही असाच टाचून सुकवा आणि पहिल्यावर ठेवा. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतचा फरक जोडताना सामावून घेता येतो. त्याहून जास्त असेल तर आधी दोन्हींच्या ओळी मोजा, मग बाजूंचे टाके मोजा, आणि दोन्ही आकडे जुळत असतील तर तिसरा चौकोन त्याच दिवशी एका बैठकीत विणून बघा. सकाळच्या आणि रात्रीच्या हातात ताणाचा फरक पडतो, तो तिथे दिसेल.